जुना प्रीअँप बांधायचा तर आधी लोखंड तपासा

साध्या ऑडिओ इंटरफेसमधला माइक प्रीअँप आज जुन्या मिक्सरमधल्या बहुतेक मॉड्यूलांपेक्षा शांत असतो. हे मान्य करूनच, जुन्या मिक्सरचं कार्ड पेटीत बसवून माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप करायला, सोल्डरिंग गन हातात घ्यावी. १५० ओमच्या रेझिस्टरची नुसती उष्णतेची सळसळ २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उणे १३१ डीबीयूच्या (डीबीयू म्हणजे सिग्नलच्या व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) आसपास असते आणि १५० ओमचा माइक जोडून त्याखाली कुणालाच जाता येत नाही. नवे इंटरफेस त्या रेषेच्या दोन-चार डीबी वर असतात. ट्रान्सफॉर्मरवाली जुनी कार्डं नीट दुरुस्त केल्यावर सहा-सात डीबी वर येऊन थांबतात. कमी खरखरीसाठी हे काम करायचं कारण उरलेलं नाही.

स्वस्ताईचंही कारण गेलं. नीव्ह या ब्रिटिश कंपनीचा १०७३ हा माइक प्रीअँप १९७० सालचा. त्याच घराण्यातल्या टेबलांमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मोठ्या मिक्सरांमध्ये, १२७२ नावाचा लाइन अँप असायचा. त्याला इक्वलायझर नाही, गेनचा खटका नाही, पण आत तेच बीए २८३ कार्ड, तोच २एन३०५५ आउटपुट ट्रान्झिस्टर आणि त्याच वळणाचे ट्रान्सफॉर्मर. मोठी टेबलं मोडीत निघाली तेव्हा १०७३ ला गिऱ्हाईक होतं आणि १२७२ उरायचे. जाणत्यांनी ते उचलले, गेन स्विच आणि फँटम (माइकला त्याच्याच केबलमधून दिली जाणारी ४८ व्होल्टची वीज) लावले आणि पेटीत बसवले. जर्मन रेडिओच्या व्ही ७२ चंही तसंच झालं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या रेड ३७ टेबलात त्याचाच भाऊ व्ही ७२ एस होता हे कळल्यावर त्याचा भाव वेगळाच झाला. उरलेला माल संपला, मग नकला आल्या, किट आली. ‘स्टुडिओच्या दर्जाचा प्रीअँप भंगाराच्या भावात’ हा मूळ हिशेब आता जुळत नाही.

तरीही बांधावं, आणि त्याची आमच्या मते दोनच कारणं आहेत. एक, भरपूर लेव्हल दिल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं लोखंड आवाजाशी जे करतं ते. दुसरं, ही वस्तू पुढची तीस वर्षं नाशिकमध्येच, हातातल्या हत्यारांनी दुरुस्त होते. दोन्ही कारणं ट्रान्सफॉर्मरपाशी येऊन थांबतात, कारण ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, रेझिस्टर दुकानात मिळतात आणि जुना ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. म्हणून मॉड्यूल विकत घेताना आपण ट्रान्सफॉर्मर घेतोय असंच धरायचं. कार्ड त्यासोबत फुकट येतं.

नाशकात मूळ १२७२ कुणी आणून देत नाही. इथं येतात ती मोडलेल्या रेकॉर्डिंग मिक्सरांची, बंद एकपडदा थिएटरांच्या साउंड रॅकची, भाड्याच्या साउंडवाल्यांच्या माळ्यावरची कार्डं. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी बुधवारच्या बाजारात असला माल दिसला तर आधी ट्रान्सफॉर्मरच्या डब्याची खालची कड बघायची. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत नदीकाठच्या कितीतरी गाळ्यांमधला माल पाण्यात होता. कडेला मातकट रेघ, पायांवर हिरवट-पांढरी बुकटी, आत खुळखुळणारा गाळ दिसला तर फुकटही घेऊ नये. ओलाव्यानं पातळ तांब्याची तार आतून खात जाते आणि सहा महिन्यांनी तुटते. त्या वेळेपर्यंत पेटी पूर्ण झालेली असते.

आम्ही बांधलेल्या पेटीसाठी तीन कार्डांतून निवडलेली दोन कार्डं १२७२ च्याच वळणाची होती: २४ व्होल्ट, क्लास ए, इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर, आउटपुटला २एन३०५५. कंपनीचं नाव खरवडलेलं आणि नकाशा नाही. अशा वेळी सप्लायच्या पिना शोधायला मोठ्या इलेक्ट्रोलिटिकची दिशा बघावी. त्याची ऋण बाजू कार्डाच्या जाड पट्टीला असेल तर ऋण ग्राउंड. धन बाजू जाड पट्टीला दिसली तर थांबावं: जर्मेनियमच्या काळातली पुष्कळ कार्डं धन ग्राउंडची आहेत आणि उलटा सप्लाय एका क्षणात सगळं जाळतो.

ट्रान्सफॉर्मर तपासायला मल्टिमीटरचा ओमचा पट्टा आम्ही इनपुट ट्रान्सफॉर्मरवर वापरत नाही. मीटरचा डीसी प्रवाह छोट्या म्यूमेटलच्या गाभ्याला चुंबकीय करून ठेवतो आणि खालच्या पट्टीत विकृती वाढते. कुणी आधीच मीटर लावलेला असण्याची शक्यता धरून गाभ्याचं चुंबकत्व उतरवून घेतो: जनरेटरमधून ३० हर्ट्झ, लेव्हल शून्यापासून हळूहळू वर आणि तितकीच हळूहळू शून्यावर. घाईनं बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खरी तपासणी सिग्नलनंच करायची. जनरेटरच्या पुढे १५० ओम घालून, म्हणजे माइकची नक्कल करून, प्रायमरीवर १ किलोहर्ट्झचे १०० मिलिव्होल्ट. सेकंडरीवर ४०० मिळाले तर गुणोत्तर १ ला ४, म्हणजे खरखर न वाढता मिळालेले १२ डीबी. इंपीडन्स मात्र गुणोत्तराच्या वर्गानं वाढतो, म्हणून पहिल्या ट्रान्झिस्टरला १५० ओमचा माइक २.४ किलोओमचा दिसतो आणि बायपोलर ट्रान्झिस्टरला तेच मानवतं. नंतर तीच लेव्हल ठेवून ४० हर्ट्झ आणि १५ किलोहर्ट्झ. खाली अर्ध्या डीबीपेक्षा जास्त घसरण म्हणजे गाभा बिघडलेला किंवा एखादा वेढा शॉर्ट. तीन कार्डांपैकी एकाचा इनपुट ट्रान्सफॉर्मर इथंच बाद झाला: १ किलोहर्ट्झला गुणोत्तर बरोबर, ४० ला ५ डीबी खाली. मल्टिमीटरवर तो निर्दोष दिसला असता.

लाइन अँपचा इनपुट ट्रान्सफॉर्मर माइकसाठी चालेलच असं नाही. तो १ ला १ असेल तर माइक जोडल्यावर नुसती सळसळ वाढते आणि मग वेगळा माइक ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. इथं प्रायमरीला दोन वाइंडिंग होती. एकापुढे एक जोडली की १ ला २, शेजारी-शेजारी जोडली की १ ला ४. शेजारी जोडण्याआधी दिशा पक्की करावी. दोन्ही एकापुढे एक जोडून सिग्नल द्यायचा. सेकंडरीवर जवळजवळ काहीच आलं नाही तर एक वाइंडिंग उलटं आहे. उलटंच ठेवून शेजारी जोडलं तर दोघं एकमेकांना खातात आणि माइकला शॉर्ट दिसतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल एक गोष्ट न समजल्यानं बरेच जण फसतात. या कार्डांत २एन३०५५ चा सगळा विश्रांतीचा प्रवाह प्रायमरीतून जातो. म्हणून गाभ्यात मुद्दाम हवेची फट ठेवलेली असते. मूळ ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून त्याच गुणोत्तराचा, पण फट नसलेला, बसवला तर डीसीनंच गाभा भरून जातो. आवाज येतो, पण बेस गायब आणि जरा लेव्हल वाढली की चिरकतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या वाइंडिंगवाल्यांकडून नवा करून घेणार असाल तर गुणोत्तर आणि तारेच्या गेजसोबत ‘इतके मिलिॲम्पिअर डीसी’ हेही कागदावर लिहून द्या. पॉवर ट्रान्सफॉर्मरवर हात बसलेला कारागीर ई आणि आय पत्र्या आलटून-पालटून घालतो. इथं सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागद हवा.

कार्डावरचं काम त्या मानानं सोपं. टँटलम कपॅसिटर सगळे काढले, कारण ते मरताना शॉर्ट होतात आणि शेजारचा रेझिस्टर घेऊन जातात. इलेक्ट्रोलिटिक तेवढ्याच मूल्याचे, १०५ अंशांचे घातले. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो आणि बंद पेटीत त्यावर पंधरा-वीस अंश सहज चढतात, तिथं ८५ अंशांचा माल लवकर सुकतो. रेझिस्टर सरसकट बदलले नाहीत. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि इमिटरचे कार्बन काढून मेटल फिल्म घातले, कारण डीसी वाहताना कार्बन जास्त खरखरतो आणि तिथली खरखर पुढं सगळीकडे वाढते. बाकीचे मोजून दहा टक्क्यांच्या आत असलेले तसेच राहू दिले.

ट्रान्झिस्टर बदलताना पाय बघावेत. बीसी १८४ आणि बीसी १८४ एल यांच्या पायांचा क्रम वेगळा आहे. बीसी ५४९ सी हा बीसी १८४ च्या जागी सरळ बसतो. २एन३०५५ ची धातूची टोपी हाच कलेक्टर, म्हणून ती पत्र्याला लावताना अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश हवंच. एका कार्डावरचा २एन३०५५ बदलल्यावर ऑसिलोस्कोपवर शेकडो किलोहर्ट्झचं दोलन दिसू लागलं, कानाला फक्त आवाज ‘जाड आणि थकलेला’ वाटत होता. आजचे २एन३०५५ जुन्यांपेक्षा बरेच वेगवान असतात आणि जुना नकाशा त्या मंद ट्रान्झिस्टरवर बेतलेला असतो. बेस आणि कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावल्यावर ते थांबलं. जुना ट्रान्झिस्टर चांगला असेल तर त्याला हात लावू नये, हा धडा.

पॉवर सप्लायवर आम्ही कार्डांपेक्षा जास्त वेळ घालवतो. प्रत्येक कार्ड ७५ मिलिॲम्पिअर घेत होतं. दोन कार्डं आणि दिवे मिळून २५० धरले. मेन्स १९० ते २५० व्होल्ट हलेल असं मानून हिशेब केला. २५ व्होल्ट एसीच्या वाइंडिंगवर ब्रिजनंतर २३० ला ३४ व्होल्ट, १९० ला २७.८ आणि २५० ला ३७ मिळतात. फिल्टरला ४७०० मायक्रोफॅरड ठेवले की २५० मिलिॲम्पिअरला रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, अर्ध्या व्होल्टच्या जवळ राहतो. २२०० ठेवले तर तो १.१ व्होल्टच्या आसपास जातो आणि संध्याकाळी मेन्स पडल्यावर एलएम ३१७ या रेग्युलेटरला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मग १०० हर्ट्झची गुणगुण येते आणि माणूस कार्डात दोष शोधत बसतो. रेग्युलेटरला २४० ओम आणि ३.९ किलोओम, त्यापुढे १ किलोओमचा प्रीसेट. ॲडजस्ट पिनेवर १० मायक्रोफॅरड आणि तो उलटा रिकामा होऊ नये म्हणून १एन४००२. २५० व्होल्टला हा रेग्युलेटर सव्वातीन वॅट उष्णता टाकतो, म्हणून तो पेटीच्या मागच्या पत्र्यालाच कसायचा, अभ्रक घालून.

४८ व्होल्टच्या फँटमसाठी त्याच ट्रान्सफॉर्मरवर ५० व्होल्ट, ५० मिलिॲम्पिअरचं वेगळं वाइंडिंग सांगितलं आणि टीएल ७८३ रेग्युलेटर लावला. इथं एलएम ३१७ टाळावा: सुरू होताना आउटपुटचा कपॅसिटर रिकामा असतो आणि रेग्युलेटरवर ४० व्होल्टांपेक्षा जास्त पडतात. कपॅसिटर १०० व्होल्टचे. प्रत्येक माइकला ६.८१ किलोओमची जोडी. मूल्य थोडं इकडेतिकडे चालतं, पण जोडीतला फरक ०.४ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर केबलवर आलेली गुणगुण रद्द होण्याऐवजी आत येते. एक टक्क्याच्या रेझिस्टरांचं पाकीट घेऊन मल्टिमीटरनं दहा मोजले की दोन चांगल्या जोड्या निघतात.

गेनचा खटका बारा घरांचा. फीडबॅकचा रेझिस्टर १० किलोओम होता. खालचा रेझिस्टर १.१ किलोओम असेल तर २० डीबी, ३३० ओमला ३०, १०० ओमला ४०. त्यात ट्रान्सफॉर्मरचे १२ मिळवले की ३२ ते ५२. त्यावर एकाच कार्डाला ६० डीबीपर्यंत ताणू नये, कारण तेवढं फीडबॅक शिल्लकच राहत नाही. लांबून घेतलेल्या तंबोऱ्यासाठी जास्त लागला तर पुढं दुसरं कार्ड जोडावं. या खालच्या रेझिस्टरसोबतचा कपॅसिटर नेहमी मोजावा. १०० ओमला २२० मायक्रोफॅरड असेल तर बेस ७ हर्ट्झपर्यंत जातो. तोच सुकून ४७ वर आला असेल तर ३४ हर्ट्झ. ‘गेन वाढवला की आवाज पातळ होतो’ ही जुन्या कार्डांबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते. खटका एका घरातून दुसऱ्यात जाताना क्षणभर काहीच जोडलेलं नसतं. तेव्हा कपॅसिटरचा चार्ज हलू नये म्हणून सर्वांत मोठा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवावा, नाहीतर प्रत्येक घराला ठक्क होतं.

पहिल्यांदा वीज देताना १०० मिलिॲम्पिअरची मर्यादा असलेला बाकावरचा सप्लाय वापरला: ६ व्होल्ट, मग १२, मग १८, दर टप्प्यावर पाच मिनिटं. प्रवाह चढतच राहिला तर बंद. २४ वर स्थिर झाल्यावर अर्धा तास गरम होऊ देऊन आउटपुटवर ६०० ओमचा लोड लावला आणि ऑसिलोस्कोपवर बघत कार्डावरचा बायसचा प्रीसेट असा फिरवला की लाटेचं वरचं आणि खालचं टोक एकाच वेळी कापलं जावं. थंड कार्डावर केलेली ही जुळणी गरम झाल्यावर सरकते.

सगळं एकाच, दोन रॅक युनिट उंचीच्या पेटीत बसवून पाहिलं तेव्हा ५० हर्ट्झची गुणगुण आली. ५० आणि १०० यांतला फरक ओळखता आला की निम्मी शोधाशोध वाचते: १०० म्हणजे सप्लायचा रिपल, ५० म्हणजे मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंडचा फेरा. इनपुट ट्रान्सफॉर्मर हातात धरून फिरवला की गुणगुण कमी-जास्त होत होती, म्हणजे क्षेत्रच. पत्रा घालून ती निम्मी झाली, गेली नाही. मग सप्लाय वेगळ्या डब्यात काढून दीड मीटरच्या केबलनं जोडला. अंबडला पत्रा लेझरनं कापून घेताना दोन डबे एकाच वेळी सांगितले असते तर पैसे वाचले असते. या केबलला माइकची तीन पिनांची कनेक्टर कधीच लावू नयेत, कारण घाईच्या वेळी कुणीतरी त्यात माइक खुपसतो. इनपुटची १ नंबर पिन तिथल्या तिथे पत्र्याला आणि कार्डाचं शून्य एकाच जागी पत्र्याला. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये पेटी जोडण्याआधी न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं एसी व्होल्टेज बघावं. दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं तर आधी वायरमन बोलवावा.

मोजणीसाठी कनेक्टरमध्ये १५० ओम सोल्डर करून तोच माइक समजायचा. ५० डीबी गेनवर आउटपुटला उणे ७४ डीबीयू खरखर आली, म्हणजे इनपुटला धरून उणे १२४. दोन्ही चॅनेलांची पोलॅरिटी एकच आहे ना, हेही पाहून घेतलं. वाइंडिंगच्या तारांचे रंग तीस-चाळीस वर्षांत उडालेले असतात आणि तिथंच चूक होते.

शेवटचा भाग सर्वांत कमी लिहिला जातो आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. या घराण्याचं आउटपुट अधिक २६ डीबीयूपर्यंत जातं, म्हणजे साडेपंधरा व्होल्ट. इंटरफेसचा लाइन इनपुट त्याच्या कितीतरी आधी क्लिप होतो. त्यामुळे लोक गेन खाली ठेवतात, लोखंडाला कधी ताण येतच नाही आणि ‘इंटरफेसपेक्षा काहीच वेगळं नाही’ म्हणत पेटी विकून टाकतात. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे एक पॅड, म्हणजे लेव्हल उतरवणारी रेझिस्टरांची जोडणी, हवा. प्रत्येक तारेत २२० ओम आणि दोघींमध्ये १५० ओम, सगळे अर्ध्या वॅटचे. यानं १२ डीबी उतरतात आणि ट्रान्सफॉर्मरला ५९० ओमचा लोडही मिळतो. तो लोड नसताना इंटरफेसच्या १० किलोओमवर चौकोनी लाटेच्या कडेला शिंग उगवतं, म्हणजे वरच्या पट्टीत उगाच चकाकी येते. पॅड लावल्यावर शिंग बसलं.

मग गेन चढवून ऐकायचं. गाभ्यातला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी या हिशेबानं वाढतो. तेवढ्याच लेव्हलला १०० हर्ट्झवर १ किलोहर्ट्झच्या दहापट. म्हणून हे लोखंड बासरीला, कंठाच्या वरच्या पट्टीला जवळजवळ हात लावत नाही. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची कणीक लावलेली बाजू, संबळाची जाड धूम यांच्यात तिसरा हार्मोनिक मिसळतो आणि छोट्या स्पीकरवरही ठोका ऐकू येऊ लागतो. तबल्याच्या चाटीची किनार तशीच राहते. नाशिक ढोलाला मात्र जवळून ३२ डीबीसुद्धा जास्त होतो. तिथं इनपुटलाही २० डीबीचा पॅड लागतो, नाहीतर आउटपुटच्या आधी इनपुटचा छोटा गाभाच भरतो आणि ती विकृती कानाला गोड लागत नाही. पाचशे सिरीज नावाच्या ठरावीक मापाच्या रॅकमधल्या छोट्या खणांत बसवलेल्या नकलांमध्ये आउटपुटचं लोखंडच लहान असतं, तिथं हा परिणाम लवकर येतो आणि लवकर बिघडतो. पूर्ण आकाराच्या गाभ्याला बराच वेळ ताणता येतं.

पावसाळ्यासाठी पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, पण २एन३०५५ पासून लांब. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: सप्लाय २४.०, फँटम ४८.१, प्रवाह ७६ आणि ७४, बायस जुळवल्याची तारीख, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचे व्होल्टेज. बाद झालेल्या तिसऱ्या कार्डाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. तो काढून, पायांवर नंबर लिहून, पिशवीत बंद करून पेटीसोबतच ठेवला.